पाइपातली जाळी

१

कॅटच्या डब्यात जाळीच नव्हती.

आकांक्षा परबने टॉर्च पुन्हा एकदा आत मारला, बोट घालून चाचपलं, डबा कानाशी धरून हलवला. पाइप नवाकोरा, जोड सुरेख आणि मधला फुगीर डबा आतून साफ रिकामा. चिंचपोकळी स्टेशनमागच्या गल्लीतलं नोएल परेराचं गॅरेज त्या शनिवारी सकाळी नको तेवढं शांत होतं. एरवी तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी घसा बसतो.

“बघितलंत ना?” हर्षवर्धन म्हणाला. तो परळच्या नव्या टॉवरमध्ये राहायचा आणि दारात उभी असलेली लाल टर्बो गाडी त्याची होती. “मला सांगितलं, कॅट ठेवायचाच. आणि लावला काय, तर पोकळ डबा. आतला माल हिने काढून विकला. प्लॅटिनम असतं त्यात, एवढं मलाही कळतं.”

‘हिने’ म्हणजे अँड्रियाने. नोएलची ही पुतणी, वय चोवीस. पाइप तिने बनवला होता. ती जॅकला टेकून उभी होती आणि हाताचा ग्रीस पुसायचा म्हणून तेच तेच बोट पुसत होती.

गाडीच्या धुरातलं विष जाळून टाकायला सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो आणि त्याच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. गॅरेजात त्याला सरळ कॅट म्हणतात. जाळी नसेल तर तो डबा म्हणजे निव्वळ शोभा. काल पीयूसीच्या यंत्राने ह्या गाडीला नापास केलं तेव्हा प्रकार उघडकीला आला होता.

नोएल अंकलनी चष्मा काढून खिशात ठेवला. “संध्याकाळी पाचला सगळे इकडे या. आकांक्षा बघून सांगेल. अँड्रियाने केलं असेल तर आजपासून ती ह्या शटरच्या आत पाय ठेवणार नाय. माझ्या भावाची पोर असली म्हणून काय झालं.”

अँड्रियाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि खरं सांगायचं तर आकांक्षाला बरं वाटलं.

२

आकांक्षा विमा कंपनीची सर्व्हेअर होती. ठोकलेली गाडी बघायची आणि मालक कुठे थापा मारतोय ते शोधायचं, हा तिचा दहा वर्षांचा धंदा. नोएल अंकलनी तिला बोलावलं ते ह्या नजरेसाठी आणि ती घरची म्हणूनही. तिचे बाबा, शिवा परब, ह्याच गॅरेजात अडतीस वर्षं वेल्डिंग करत आले होते.

लहानपणी ती लालबागहून त्यांचा डबा घेऊन यायची आणि ठिणग्या बघत रेंगाळायची. बाबा मास्क वर करून ओरडायचे, “डोळे जातील. घरी जा, अभ्यास कर.” दहावीनंतर तिने धीर करून विचारलं, मला शिकवाल का. बारावीनंतर पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, पोरीचं काम नाय ते. तिने निमूटपणे डिप्लोमा केला, नोकरी धरली आणि तो विषय मिटला असं स्वतःला सांगितलं.

मग चार वर्षांपूर्वी ठाकूरद्वारहून अँड्रिया काकाकडे राहायला आली आणि पोरीचं काम नाय म्हणणाऱ्या माणसाने आपला मास्क परक्या पोरीच्या डोक्यावर चढवला. रोज रात्री जेवताना तेच पारायण. अँड्रियाने आज असा जोड मारला, अँड्रियाचा हात बघ. गेले दोन-तीन महिने ते नाव घरात ऐकू येईनासं झालं होतं. का, ते तिने विचारलं नाही. कानाला आराम मिळाला, तेवढं तिला पुरेसं होतं.

तिला अँड्रियाचा हेवा वाटायचा. हा शब्द ती कुणापुढे उच्चारत नसे, पण दुसरा कुठला शब्द त्याला लागूही पडत नव्हता. दर खंडेनवमीला बाबा घरच्या वस्तूंची पूजा स्वतः करायचे, आईच्या शिवणयंत्रापासून आकांक्षाच्या कॅल्क्युलेटरपर्यंत. प्रत्येक वस्तूला कुंकवाची दोन बोटं लावायचे. एक वस्तूला, एक शिकवणाऱ्याला. कॅल्क्युलेटरवरचं दुसरं बोट कुठल्यातरी मास्तरांच्या नावाचं असायचं आणि दरवर्षी ते बघून ती मनातल्या मनात बाबांशी कट्टी घ्यायची.

आता मात्र त्यांची ती लाडकी शिष्या तिच्या हातात आली होती.

३

तिने आधी हर्षवर्धनला धरलं.

“मला कॅट काढूनच टाकायचा होता,” तो म्हणाला. “टर्बोच्या तोंडाशी तो डबा म्हणजे धावणाऱ्याच्या नाकावर रुमाल. सगळे काढतात. पण अँड्रिया ऐकेना. म्हणाली, काढला तर डॅशबोर्डवर दिवा पेटून राहील, पीयूसी होणार नाही, सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात तुमचं कच्चं पेट्रोल जाईल. जास्त मोकळ्या जाळीचा कॅट घालू, पाइप रुंद करू, तुम्हाला हवी ती ओढ त्यातच मिळेल. मला पटलं, खोटं कशाला बोलू. परब अंकल माझ्या बाजूचे होते.”

“बाबा?”

“हो. ते म्हणाले, जाळी फोडायची, डबा तसाच ठेवायचा, बाहेरून कुणाला कळतंय. आम्ही पूर्वी असंच करायचो. तर नोएल अंकल सगळ्यांसमोर म्हणाले, शिवा, तो जमाना गेला, पोरगी सांगते तसं होईल. आणि दसऱ्यापासून टर्बोची सगळी कामं तीच बघेल.”

आकांक्षाने वहीत लिहिलं ते एवढंच, की मालकाला कॅट नको होता. तरी त्याने जाळी फोडली असं म्हणता येईना. एकदा फोडून घेतल्यावर कोण शहाणा पीयूसीच्या यंत्रापुढे बोंब मारायला उभा राहील?

मग निलेश. हा वरळी कोळीवाड्यातला फिटर, दहा वर्षं इथे. त्याला विचारावं लागलंच नाही. “ताई, चार वर्षांत ती मालकीण झाली. मी अजून नट पिळतोय. जळतं माझं, नाही कशाला म्हणू? पण माझ्याकडे चावी कुठे आहे? एक चावी नोएल अंकलच्या घरात खिळ्याला. दुसरी तुमच्या बाबांकडे. अँड्रिया राहते कुठे, ते तुम्हीच बघा.”

“बुधवारी दुपारी तू कुठे होतास?”

“मामाच्या होडीची पूजा होती. अख्ख्या कोळीवाड्याला विचारा.”

बुधवार महत्त्वाचा होता, कारण तयार पाइप अँड्रियाच्या हातून सुटून गॅरेजात पडून होता तो तेवढाच वेळ. नोएल अंकल ख्रिस्ती खरे, पण त्यांच्या वडिलांपासून गॅरेजात खंडेनवमीची पूजा होते आणि गेली वीस वर्षं ती आकांक्षाची आई शेवंती करते. पान्यापासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, हार पडतात आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. यंदा अँड्रियाचा तयार पाइप पूजेत मधोमध ठेवला होता. एक वाजता शटर ओढलं. गुरुवारी सकाळी आईने पूजा उतरवली, अँड्रियाने पाइप गाडीला चढवला आणि नोएल अंकलच्या नेमाप्रमाणे शुक्रवारी गाडी पीयूसीला गेली. पूजा मांडल्यावर हत्यार उचलायचं ह्या गॅरेजात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तेव्हा जाळी गेली ती बुधवारच्या आधीच आणि आधी पाइप एकट्या अँड्रियाच्या हातात होता. गणित सोपं होतं.

“मी कॅट ठेवायला भांडले,” अँड्रिया म्हणाली. “मग मीच तो फोडेन?”

“नंतर कुणाला संशय येऊ नये म्हणूनही माणूस भांडतो.”

अँड्रियाने तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्हाला मी आवडत नाही, दीदी. मला माहितीये. पण शिवा अंकलना विचारा. डब्याला पाइप जोडायच्या आधी मी त्यांना जाळी दाखवली होती. त्यांनी बोट फिरवून बघितली.”

बाबा कोपऱ्यात गॅसच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळत होते. आकांक्षाने विचारलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. “मला आठवत नाय,” ते म्हणाले.

आकांक्षाने वही बंद केली. झालं, सापडली.

४

पण दहा वर्षांची सवय वाईट. सही करण्याआधी एकदा जागा बघून घ्यावी, म्हणून ती गॅरेजात फिरली. शटरमागच्या हुकाला निर्माल्याची पिशवी लटकत होती. आई ती उद्या विसर्जनाला नेणार होती. गॅरेजातला कचरा दोन वेळा निघतो, पण निर्माल्याला झाडूवाला हात लावत नाही.

आकांक्षाने पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. झेंडू, आपट्याची पानं, तांदूळ. पाइपभोवती घातलेला हार तिने हातात घेतला आणि झटकला. पाकळ्यांतून करडी खडी पडली. तिने एक कण नखावर घेऊन टॉर्चखाली धरला. त्याला बारीक चौकोनी भोकं होती.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. हाराच्या आत जाळीचे तुकडे होते, म्हणजे हार पडल्यानंतर जाळी फुटली होती. बुधवारी दुपारी, शटर बंद असताना, पूजेतलं हत्यार उचलून. जे ह्या गॅरेजात कुणी करत नाही, तेच कुणीतरी केलं होतं.

मग हत्यार कोणतं? इतक्या आत पोचेल अशी भिंतीवर एकच वस्तू होती, हातभर लांबीची षटकोनी सळई. ती काही रोज लागत नाही. दसऱ्यानंतरही तिच्यावरचं कुंकू जसंच्या तसं असायला हवं होतं. आकांक्षाने ती हलकेच उतरवली. टोक घासून चकाकत होतं आणि ओरखड्यांत करडी पूड बसली होती. मुठीच्या जागी कुंकू फरफटलं होतं, घामेजल्या हाताने पकडल्यासारखं. आणि त्या फरफटीच्या वर नव्याने लावलेलं ठसठशीत कुंकू होतं.

चोराने काम संपवलं, हत्याराचं कुंकू पुसलं गेलं म्हणून त्याचा जीव कळवळला आणि त्याने शेजारच्या तबकातलं कुंकू घेऊन ते पुन्हा लावलं. नंतर सळई जागच्या जागी ठेवली. नुसता चोर असता तर सळई तशीच टाकून गेला असता.

कुंकवाची बोटं दोन होती.

आकांक्षाने भिंतीवरची बाकीची हत्यारं एकेक करून पाहिली. पाने, हातोड्या, छिन्न्या, सगळ्यांवर एकेकच. तिने फोन काढला.

“आई, गॅरेजात पूजा करताना तू कुंकवाची किती बोटं लावतेस?”

“एकच गो. एवढ्या हत्यारांना किती लावणार?” शेवंती म्हणाली. “कित्याक विचारतंस?”

“अँड्रिया मदतीला असते ना? ती?”

“ती माझं बघून लावते. एकच. दोन फक्त तुझे बाबा लावतात, ते पण घरी. गॅरेजात ते कधी कुंकवाला हात लावत नायत.” पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. “गुरुवारी पूजा उतरवताना माका ती सळई दिसली होती,” आई हळूच म्हणाली. “मी काय बोललंय नाय. तू पण बोलू नको.”

पाच वाजायला वीस मिनिटं होती.

५

नोएल अंकलनी स्टुलं मांडली होती. हर्षवर्धन मोबाइल तयार ठेवून बसला होता. त्याला माफीचा व्हिडिओ हवा होता. निलेश टायरवर बसला, बाबा गॅस सिलिंडरपाशी उभे राहिले आणि अँड्रिया दारात, पाठीला बॅग लावून. तिने आवरून ठेवलं होतं.

आकांक्षाला मध्ये उभं राहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. दोन बोटांचा अर्थ बाबा सोडले तर इथल्या कुणालाच ठाऊक नव्हता. ती काही बोलली नाही तरी निकाल लागणार होता. चावी अँड्रियाच्या घरात, पाइप अँड्रियाचा, दुपारी ती घरी झोपली होती ह्याला साक्षीदार नाही. ती पोरगी बॅग घेऊन निघून जाईल, बाबांची अब्रू राहील आणि रात्री जेवताना ते नाव कधीच निघणार नाही. चार वर्षं तिने हेच तर मागितलं होतं. जिभेवर शब्द तयार होते आणि ते गोड लागत होते.

तिने अँड्रियाकडे बघितलं. मग त्या पाइपाकडे. जोडावर नाण्यांची चळत आडवी सांडावी तशा एकसारख्या लहरी होत्या. तिच्या धंद्यात तिने हजारो जोड पाहिले होते, असा नव्हता पाहिला. त्याचाही तिला राग आला.

“जाळी बुधवारी दुपारी फुटली,” ती म्हणाली. “पूजा मांडल्यानंतर.” तिने खडी दाखवली, हार दाखवला. “म्हणजे पाइप बनवताना अँड्रियाने माल काढला, हे खोटं. निलेशकडे चावी नाही आणि तो कोळीवाड्यात होता. हर्षवर्धनकडे चावी नाही, शिवाय फोडून घेतली असती तर त्यांनीच अशी बोंब मारली नसती. राहिल्या दोन चाव्या.”

“एक माझ्या घरात,” नोएल अंकल खालच्या आवाजात म्हणाले.

“हो. पण ज्याने ही सळई वापरली, त्याने परत ठेवताना तिला पुन्हा कुंकू लावलं. अँड्रियाने लावलं असतं तर माझ्या आईचं बघून लावलं असतं, एक बोट. इथे दोन आहेत.” तिने सळईची मूठ सगळ्यांना दिसेल अशी धरली. “एक हत्याराला, एक शिकवणाऱ्याला. ही रीत एकाच घरात आहे. माझ्या.”

शिवा परबांनी हातातली चिकटपट्टी सिलिंडरवर ठेवली.

“मीच फोडली,” ते म्हणाले.

“शिवा?” नोएल अंकल उठले. “विकायला?”

“विकायला कशाला? घरी पोटमाळ्यावर डब्यात ठेवलीये सगळी. कण पण विकला नाय.” ते अँड्रियाकडे बघत नव्हते, पाइपाकडे बघत होते. “तू सगळ्यांसमोर म्हणालास, तो जमाना गेला. गेला तर गेला. मला वाटलं, हिचा पाइप एकदा नापास होऊ दे. म्हणजे परत विचारायला येईल मला. गेले तीन महिने ती काहीच विचारायला येत नव्हती. चोरी, प्लॅटिनम, ह्यातलं काय डोक्यात पण नव्हतं. नंतर हे इतकं वाढलं आणि माझी जीभच उचलेना.”

“जाळी फोडायच्या ऐवजी जोडच कापला असतास, तर कुणीतरी मुद्दाम केलंय हे सरळ दिसलं असतं,” नोएल अंकल म्हणाले.

“ग्राइंडर उचलला होता. नाय कापवला.” बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. “तसा जोड मला अडतीस वर्षांत जमला नाय, नोएल.”

अँड्रियाने बॅग खांद्यावरून उतरवली. “अंकल, तीन महिन्यांपूर्वी असा जोड पहिल्यांदा जमला तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, कसा झालाय. तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, चुकलाय. म्हणून परत विचारलं नाही.”

“काय बोलणार होतो मी?”

हर्षवर्धनने मोबाइल खिशात टाकला आणि घसा साफ केला. “मग आता माझ्या गाडीचं काय? पोकळच राहू दे का? आवाज मस्त येतोय तसा.”

“नवीन कॅट घालून देणार,” अँड्रिया म्हणाली. “काढूनच पाहिजे असेल तर गाडी दुसरीकडे न्या.”

६

गॅरेजातून निघताना नोएल अंकलनी बाबांची चावी मागून घेतली. रागावून नाही, पण घेतली. बापलेक पुलावरून लालबागकडे चालत निघाले. खाली रूळ, समोर भारतमाता टॉकीजच्या बाजूला फुलवाल्यांची गडबड. आज आपण बापाला चारचौघांत उघडं पाडलं, हे आकांक्षाला टोचत होतं, आणि त्याहून जुनं काहीतरी जास्त टोचत होतं.

“बाबा, मला का नाही शिकवलंत?”

ते दहा पावलं चालले. गॅरेजबाहेर त्यांच्या तोंडी नेहमी गावची बोली यायची, तशी आली. “तुझो हात माझ्यापेक्षा हलको होतो. लहान होतंस तेव्हाच दिसला माका. तू शिकली असतंस तर माझ्या फुडे गेली असतंस. लेकीचो हेवो करून मी घरात जेवतलंय कसो?”

आकांक्षा थांबली. हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. आपण कमी होतो म्हणून नव्हे, जास्त होतो म्हणून. तिला वाटलं, आता रडू येईल, सगळं हलकं होईल, बापाच्या पाठीवर हात ठेवावासा वाटेल. तसलं काहीच झालं नाही. बाबा पुढे चालत राहिले, जराशा वाकलेल्या खांद्यांनी, आणि ती मागून त्यांच्याकडे बघत राहिली.

तिला अँड्रियाचा हेवा वाटला, सकाळपेक्षाही जास्त. बाबांनी तिचाही हेवाच केला होता. पण तिला निदान आधी शिकवलं तरी होतं.